कालव लागलेला पाय आणि हळदीचा डबा

पत्र:

डॉक्टरबाई, आम्ही देवगड तालुक्यात खाडीच्या काठाला राहतो. माझे सासरे ७१ वर्षांचे, १४ वर्षं साखरेचा त्रास आहे. शिमगा झाल्यावर ओहोटीच्या वेळी ते खडपात कालवं काढायला गेले होते. परत येऊन ओट्यावर बसले तेव्हा त्यांची स्लिपर रक्तानं भरलेली मी बघितली. त्यांना कळलंच नव्हतं. उजव्या चवड्याला, अंगठ्याच्या खाली, कालवानं स्लिपरच्या आरपार कापलं होतं. सासूबाईंनी लगेच खोबरेलात हळद खलून भरली. तेव्हापासून रोज दोनदा पट्टी बदलतात. आज तीन आठवडे झाले. वरून सुकल्यासारखं दिसतं, पण पट्टीला ओल लागते. आरोग्य केंद्रात नेलं तर हळद बघून तिथले डॉक्टर सासूबाईंवर चारचौघांत ओरडले. आता त्या "परत थंय जावचा नाय" म्हणून बसल्या आहेत आणि सासरे त्यांच्याच बाजूचे. त्यात मुंबईचे धाकटे भावोजी रोज मोबाइलवर पाठवतात की हळदीवर जगभर संशोधन चाललंय, अमेरिकेनं पेटंटसुद्धा घेतलं होतं. त्यांनी नॅनो करक्युमिनचं जेल आणि मिरीच्या अर्काच्या हळदीच्या गोळ्या कुरिअरनं पाठवल्यात. घरात मी एकटी बारावी सायन्स, म्हणून सगळे मला विचारतात. हळदीत खरंच काही आहे की नाही? नाव छापू नये.

उत्तर:

ताई,

हळदीबद्दल भरपूर लिहिणार आहे, तो माझा आवडीचा विषय. पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली आहे आणि ते वाक्य हळदीचं नाही. "त्यांना कळलंच नव्हतं."

कालवाच्या शिंपल्याची कड काय असते हे खडपात एकदा पाय घसरलेल्या माणसाला सांगायला नको. नुसतं खरचटलं तरी ब्रह्मांड आठवतं, वर खारं पाणी झोंबतं ते वेगळंच. इथे चवडा चिरला, माणूस ओहोटीतून चालत घरी आला, ओट्यावर बसला, आणि रक्त दुसऱ्याला दिसलं. म्हणजे पायाची जाणीव गेलेली आहे. १४ वर्षांच्या साखरेनं पायाच्या नसा हळूहळू बधिर केल्या आहेत.

तुमच्या-माझ्या पायाला काही लागलं की आपण लंगडतो. लंगडणं हा फार मोठा औषधोपचार आहे, कारण त्यामुळे जखमेवर भार पडत नाही. तुमच्या सासऱ्यांना दुखत नाही, म्हणून ते लंगडत नाहीत. विहिरीवर, परसात, देवळात, दुकानावर, दिवसभर ते त्याच चवड्यावर पाऊल टाकतात, आणि अंगठ्याखालची ती जागा चालताना अख्ख्या शरीराचं वजन पेलते. रात्रभरात जे नवं मांस धरतं ते सकाळच्या पहिल्या फेरीत चिरडलं जातं. अशा जखमेवर हळद लावा, सोनं लावा, भरायची कशी?

तेव्हा उद्या सकाळी त्यांना घेऊन निघा. देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात जा किंवा सरळ कणकवली-ओरोस गाठा, जिथे सर्जन भेटेल तिथे. आणि हे वाचताना त्यांना ताप असेल, थंडी वाजत असेल, पाऊल सुजून लाली घोट्याकडे चढत असेल, बोट काळसर पडलं असेल किंवा पट्टी सोडल्यावर वास येत असेल, तर उद्याची वाट बघू नका. आज रात्रीच निघा.

तिथे गेल्यावर तुम्ही बारावी सायन्सवाल्या म्हणून चार गोष्टी तोंडानं सांगायच्या. पहिली, कालवानं कापलंय आणि खाऱ्या पाण्यात कापलंय. कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात. साखर किंवा लिव्हरचा आजार असलेल्या माणसाच्या जखमेत ते शिरले तर एक-दोन दिवसांत पाय फोडांनी भरतो आणि जीवावर बेततं. तीन आठवडे उलटले म्हणजे ते संकट टळलेलं दिसतंय, पण डॉक्टरला जखमेची जन्मकथा ठाऊक हवी. पुढच्या वेळी घरातल्या कुणालाही खडपात लागलं आणि त्याच रात्री पाय सुजायला लागला, तर लेप लावत बसू नका. दुसरी, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते. आठवत नसेल तर "आठवत नाही" असंच सांगा, देतील. तिसरी, पाऊल बधिर आहे. ते एका बारीक नायलॉनच्या दोऱ्यानं तळव्याला टोचून बघतील. दोरा वाकेपर्यंत दाबला की १० ग्रॅमचा दाब पडतो, आणि तेवढाही कळला नाही तर पायाला आता कशाचंच कळत नाही असं धरून चालायचं. पावलावरची नाडीही बघायला सांगा, रक्त पोचत नसेल तर सगळाच हिशेब बदलतो.

चौथी गोष्ट एक्स-रेची. तीन आठवडे ओल थांबत नाही तेव्हा माझ्या मनात दोन शंका येतात. एक, खालचं हाड धरलंय का? आणि दुसरी साधी, अगदी आपल्या किनाऱ्याची: आत कालवाचा तुकडा राहिलाय का? ती कवची ठिसूळ असते, रबरातून आत शिरताना तिची कपची मोडते आणि मांसात बसते. वरची कातडी जुळते, आतून पाझर चालू राहतो. तुम्ही लिहिलंय ते नेमकं तसंच आहे. कवची चुन्याची असते, त्यामुळे एक्स-रेत बहुधा दिसते. सांगितलं नाही तर मात्र हाडं बघणाऱ्याच्या नजरेतून तेवढी बारीक कपची सुटू शकते.

आता हळद.

भावोजी म्हणतात ते निम्मं खरं आहे. हळदीतलं पिवळं द्रव्य, करक्युमिन, शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं ते १८१५ साली. त्याची रासायनिक रचना उलगडली १९१० साली. तेव्हापासून त्या एका रेणूवर इतकं लिहून झालंय की वाचायला एक आयुष्य पुरणार नाही. पेटंटची गोष्टही खरी. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला "जखम भरण्यासाठी हळदीचा वापर" यावर पेटंट मिळालं, आणि गंमत म्हणजे शोधक म्हणून नावं लागलेले दोघे भारतीय वंशाचे होते. आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेनं, त्याला आव्हान दिलं. तेव्हा संस्थेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, जन्मानं गोव्यातल्या माशेलचे, म्हणजे आपल्याच पट्ट्यातले. त्यांच्या माणसांनी जुने संस्कृत, हिंदी, उर्दू संदर्भ आणि १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला लेख, असे ३२ दाखले पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

ही गोष्ट सांगताना लोकांची छाती फुगते, माझीही फुगली होती. पण पेटंट कार्यालयात प्रश्न कोणता होता ते बघा. हे नवीन आहे का, एवढाच. नाही, आमच्या आज्या हे करतच आल्या आहेत, हे आपण दाखवलं आणि जिंकलो. हळदीनं जखम भरते की नाही याचा निवाडा तिथे झालाच नाही. आज मोबाइलवर फिरणाऱ्या दहातल्या नऊ निरोपांमध्ये ही गल्लत असते: "अमेरिकेनं मान्य केलं". अमेरिकेनं मान्य केलं ते इतकंच, की आपण पूर्वीपासून लावतो.

मग भरते का? १९९८ मध्ये उंदीर आणि गिनीपिगांवर झालेलं एक काम अजून सगळे सांगतात. त्यांच्या पाठीवर मोजून जखमा केल्या, काहींना करक्युमिन दिलं, काहींना नाही. दिलेल्यांच्या जखमेवर कातडी लवकर सरकली, खाली नवं लालसर मांस जास्त धरलं, बारीक रक्तवाहिन्या जास्त उगवल्या. पुढच्याच वर्षी मधुमेही प्राण्यांवरही तसंच दिसलं. त्यानंतर अशा प्रयोगांची रांगच लागली, आणि बहुतेकांचा सूर एकच आहे: जखमेतली सुरुवातीची आग-सूज करक्युमिन आटोक्यात आणतं आणि पुढच्या बांधकामाला हातभार लावतं. त्यामुळे हळदीत काही नाही असं म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या पंगतीला मी बसणार नाही.

पण उंदराची गोष्ट उंदरापाशी ठेवायची असते. त्याची कातडी अंगावर सैल असते, जखम झाली की ती झोळीच्या तोंडासारखी चारी बाजूंनी आवळून येते. आपली कातडी खालच्या थराला घट्ट बसलेली. आपल्याला तळापासून मांस भरत आणायचं आणि कडेकडेनं कातडी सरकवायची. तळपायाला तर विचारूच नका.

माणसांवरचं काम फार थोडं आहे. केरळात १९८७ मध्ये कर्करोगाच्या उघड्या, वास मारणाऱ्या जखमांवर हळदीचा अर्क आणि करक्युमिनचं मलम लावून बघितलं होतं. बऱ्याच जणांचा वास आणि खाज कमी झाली. इराणमध्ये सिझेरियनच्या टाक्यांवर हळदीचं क्रीम लावलं, ती जखम जरा लवकर सुकली. पण विचार करा ना, ती कुणाची जखम? तरण्या बाईची, निर्जंतुक खोलीत सुरीनं सरळ कापलेली, टाक्यांनी जुळवलेली. जिच्यावर चालावं लागत नाही अशी. तिचं आणि तुमच्या सासऱ्यांच्या चवड्याचं काही नातं लागत नाही.

शिवाय रेणू स्वतःच लबाड आहे. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्राच्या एका मोठ्या अमेरिकन नियतकालिकात काही रसायनतज्ज्ञांनी करक्युमिनची कुंडलीच मांडली. ते स्वतः चमकतं, समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं, पेशीच्या आवरणात घुसतं. त्यामुळे काचेच्या नळीतल्या चाचण्यांमध्ये औषध नसतानाही औषध असल्यासारखं दिसतं. तोवर वेगवेगळ्या आजारांवर माणसांमध्ये १२० हून अधिक चाचण्या हाती घेतल्या गेल्या होत्या, आणि खऱ्या-खोट्या औषधाची कडक तुलना करणारी एकही यशस्वी ठरली नाही असं त्यांनी लिहिलं. त्यात भर पोटातून घेण्याच्या औषधावर होता, जखमेच्या मलमावर नव्हे. हे मीही मान्य करते. पण हुरळून जाणाऱ्यांच्या अंगावर ते थंड पाणी होतं.

गेल्या काही वर्षांत संशोधनाचं वळण कुठे गेलंय हे समजायला तुम्हाला प्रयोगशाळा लागणार नाही. धुण्याच्या दगडावर उभं राहा. हळदीचा डाग पडलेल्या पातळाला साबण लावल्याबरोबर डाग लाल होतो की नाही? हळदीत चुना कालवला की कुंकवाचा रंग येतो, तेच हे. साबण आणि चुना दोन्ही अल्कधर्मी, आणि अल्कधर्मी ठिकाणी करक्युमिन आधी रंग बदलतं, मग मोडतं. तेच पातळ दोन दिवस उन्हात टाका, डाग उडून जातो. उजेडातही ते टिकत नाही. आणि पाण्यात? हळद पाण्यात ढवळून पेला ठेवून द्या, बघता बघता तळाला बसते. विरघळतच नाही.

आता हे जखमेला लावून बघा. चांगली कातडी किंचित आंबट असते. बरेच दिवस रेंगाळलेली जखम मात्र अल्कधर्मीकडे झुकते, तिचा सामू, म्हणजे पीएच, सातच्या वर जातो. प्रयोगशाळेत शरीराच्या तापमानाच्या आणि साधारण रक्ताच्याच सामूच्या, पण प्रथिनं नसलेल्या द्रावणात करक्युमिन ठेवलं तर अर्ध्या तासात त्यातलं नव्वद टक्के नाहीसं होतं. रक्तातली प्रथिनं सोबत असली तर ते काही तास तग धरतं, नाही असं नाही. तरी एकूण हिशेब असा की जिथे त्याची सगळ्यात जास्त गरज, तिथेच ते सगळ्यात कमी टिकतं.

म्हणून आताची सगळी धडपड करक्युमिनला वाहन शोधण्याची चालली आहे. कुणी त्याला चरबीच्या सूक्ष्म कुपीत बसवतं. कुणी पाणी धरून ठेवणाऱ्या जेलमध्ये, म्हणजे ते जखमेवर सावकाश झिरपेल. कुणी कोळिष्टकाहून बारीक धाग्यांची चादर विणून त्यात अडकवतं. आणि या सगळ्यात वारंवार येणारं एक नाव चिटोसन. हे चिटोसन कशापासून काढतात माहीत आहे? कोळंबीच्या आणि कुर्ल्यांच्या सालांपासून! मिरकरवाड्याच्या बंदरावर आपण नाक दाबून ज्या ढिगाला वळसा घालतो, त्या ढिगातला हा पदार्थ. रक्त थांबवायला चिटोसनच्या पट्ट्या आधीपासून वापरात आहेत. हळद आणि कोळंबीचं साल एकत्र येऊन जखमेची पट्टी होईल, ही कल्पना मला मनापासून आवडते, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या कुणा मुलीनं त्यावर काम करावं असंही वाटतं. आणखी एक फाटा म्हणजे करक्युमिन लावून त्यावर निळा उजेड सोडायचा. उजेडानं ते मोडतं तेव्हा तयार होणारी द्रव्यं जंतू मारतात. पातळावरचा डाग उडवणारा जो दोष, त्यालाच कामाला जुंपलंय.

हे सगळं काम मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर चालू आहे. त्यातलं काही उद्या खरोखर दवाखान्यात येईल. पण ते येईल तेव्हा मोजलेल्या मात्रेचं, निर्जंतुक केलेलं असेल. तुमच्या फळीवरच्या डब्यातल्या हळदीत करक्युमिन आणि त्याची भावंडं मिळून शंभरात साधारण दोन ते पाच भाग. बाकी पिष्ट, तेलं, तंतू आणि धूळ. हळद मातीतून येते, उकडली तरी नंतर अंगणात वाळते, गिरणीत दळली जाते. मसाल्यांमध्ये जंतूंचे बीजाणू असतात आणि ते आमटीत उकळताना आपल्याला बाधत नाहीत म्हणून आपण विसरतो. बाजारच्या सुट्या हळदीत रंग मारलेला असेल तर आणखी वेगळं. लेड क्रोमेटची, म्हणजे शिशाची भेसळ हळदीत सापडलेली आहे.

माझा खरा राग या कशावरही नाही. माझा राग त्या पिवळ्या रंगावर आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एक मासेविक्या मावशी आल्या होत्या, टाचेला हळदीचा लेप. लेप वाळून मातीच्या भांड्यासारखा टणक झालेला, कडेला भेगा. मी कोमट सलाइननं भिजवत बसले, अर्धा तास गेला. पापुद्रा सुटला तेव्हा खाली अख्खी टाच पोकळ होती. चार दिवस आधी नुसती लाली असणार, पण पिवळ्यावर लाली दिसते कुठे? पू आणि हळद एकाच रंगाचे. मावशींच्या घरच्यांनी रोज बघितलं होतं आणि रोज त्यांना तेच पिवळं दिसलं होतं. मी तेव्हा अडाणी होते, त्यांच्या लेकीला फाडफाड बोलले. ती रडली, मावशी उठून गेल्या आणि परत आल्या त्या दहा दिवसांनी, पाय वाचवण्यापलीकडे गेल्यावर. त्या दहा दिवसांत हळदीचा वाटा किती आणि माझ्या जिभेचा किती, हा हिशेब मी अजून मांडते.

म्हणून तुमच्या सासूबाईंना बोललं गेलं ते मला लागलं. त्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं, पद्धत चुकली. त्या बाईंनी तीन आठवडे, रोज दोनदा, खाली बसून नवऱ्याचा पाय मांडीवर घेतलाय. इतक्या निगुतीनं दवाखान्यात कोण करणार आहे? त्यांना "हळद लावायची नाही" एवढंच सांगितलंत तर त्यांच्या हातातलं काम काढून घेतल्यासारखं होईल, आणि तुमची पाठ वळली की डबा परत उघडेल. काम काढून घेऊ नका, काम बदलून द्या. रोज संध्याकाळी दोन्ही पाय बॅटरीच्या उजेडात बघायचे, तळवा, बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा. पाय धुऊन बेचक्या कोरड्या करायच्या. खोबरेल लावायचं तर टाचेला आणि वरच्या पावलाला, बेचकीत नाही, जखमेत नाही. पायाला नेहमीपेक्षा गरम कुठे लागतंय ते हाताच्या पाठीनं बघायचं. जखमेची पट्टी दवाखान्यात शिकवतील तशीच करायची, आणि ती शिकायला त्यांनाच पुढे बसवा, तुम्ही मागे उभ्या राहा. जाताना म्हणा, "आये, तुमी रोज बघलास, तुमीच डॉक्टराक सांगा." बघा जातात की नाही.

त्या विचारतील, मग हळद कधीच लावायची नाही का? लावू दे की. विळीवर बोट कापलं, धडधाकट माणूस, वरवरची चीर, तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं, दाबून रक्त थांबवायचं, आणि मग कुणी चिमूट टेकवलीच तर मी भांडायला येणार नाही. मुका मार लागून सुजलं, कातडी फाटलेली नाही, तिथे आंबेहळद उगाळून लावा. साखरेच्या माणसाच्या पायाला मात्र नाही. भाजलेल्यावर, कुत्रं चावल्यावर, खिळा घुसल्यावर, शेतातल्या चिखलात कापल्यावरही नाही. पावसाळ्यात आपल्याकडे चिखलाच्या पाण्यातून चिरेवाटे लेप्टो तापाचा जंतू आत शिरतो आणि हळदीनं तो अडत नाही. आणि पातोळ्या हळदीच्या पानातच करा, तिथे तिला तोड नाही. सासऱ्यांना एकच, गूळ बेताचा.

भावोजींच्या पार्सलचं थोडक्यात. जेल उघड्या जखमेत घालू नका. मधुमेही पावलावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं २०२३ च्या मार्गदर्शनात वनौषधींच्या पट्ट्या जखम भरण्यासाठी वापरू नयेत असंच सांगितलंय, कारण पुरावा तोकडा आहे. त्यांनी मधालाही नाही म्हटलंय, तेव्हा हळदीशी कुणाचं वैर आहे असं नाही. गोळ्या तर सरळ बाजूला ठेवा. करक्युमिन पोटातून जवळजवळ शोषलंच जात नाही, म्हणून त्यात मिरीतलं पायपरीन घालतात. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की त्यानं शोषण वीसपटीनं वाढतं. तेव्हापासून बाटल्यांवर ते कौतुकानं छापतात. पण पायपरीन इतर औषधांचंही शोषण वाढवतं, आणि अशा जोरकस गोळ्यांनी लिव्हर सुजल्याच्या नोंदी इटली, अमेरिका, ऑस्ट्रेलियात झाल्या आहेत. सासरे साखरेच्या गोळ्या घेतात, कदाचित रक्त पातळ करण्याचीही घेत असतील. बाटली डॉक्टरांना दाखवा, त्यांनी हो म्हटल्याशिवाय एकही देऊ नका. आमटीतली हळद वेगळी, ती चालू द्या.

भावोजींना रागावू नका, लांब राहणाऱ्याचा जीव असाच पार्सलातून येतो. त्यांना सांगा, पैसे घालायचेत तर एमसीआरच्या चपला घेऊन द्या. मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या तळव्याच्या, मागे पट्टा असलेल्या. साखरेच्या पायासाठीच मिळतात. जखम आहे तोवर नुसती चप्पलही पुरणार नाही. चवड्यावरचा भार काढायला डॉक्टर वेगळा बूट, प्लास्टर किंवा पॅड सुचवतील. सासरे म्हणतील, "माका काय दुखता?" तेव्हा त्यांना सांगा, दुखत नाही हाच आजार आहे. तुमच्या सगळ्या घराचं पथ्य आता हे एकच: पाय जमिनीला कमी लागू द्यायचा. घरातसुद्धा अनवाणी नाही, तुळशीपाशी दिवा लावायलासुद्धा नाही. देव समजून घेईल, डॉक्टर घेणार नाही.

उद्या निघताना बरोबर साखरेची वही घ्या, चालू गोळ्यांची पाकिटं घ्या, आणि ती स्लिपरही घ्या. तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज आहे की रक्त धुऊन सासरे अजून तीच घालतात. आज रात्री ती उलटी करा, भोकावरचं रबर दोन्ही अंगठ्यांनी फाकवा आणि बॅटरी मारून आत बघा. पांढरी कपची अडकलेली सापडली तर तीसुद्धा कागदाच्या पुडीत बांधून डॉक्टरांना न्या.